अकरा लेकरांची मम्मी

२ डिसेंबर, मंगळवार

आजपासून मी बोरगुंडीच्या जिल्हा परिषद शाळेची तंत्रस्नेही शिक्षिका! रणधीर सरांनी परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मुख्याध्यापक असूनही त्यांनी हा मान स्वतःकडे ठेवला नाही. शाळेतल्या सगळ्यात नव्या, अजून शिक्षणसेवकच असलेल्या मुलीला दिला.

संध्याकाळी मुरुमला घरी आले तेव्हा अप्पा गिरणी बंद करून अंगावरचं पीठ झटकत होते. "म्हंजे काय करायचं असतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शाळेत कुठलं यंत्र घ्यायचं, कुठलं नाही, हे मी ठरवायचं." अप्पा म्हणाले, "बरंय की. आपल्या घरात आजवर कुणाला काय ठरवायला कुणी बोलवलं न्हाय." आईनं, आमच्या अव्वानं, देवापुढं साखर ठेवली.

यंत्र आलंसुद्धा आहे. गावचे दिग्विजय भाऊसाहेब पुण्यात असतात, त्यांनी सहावी-सातवीसाठी टॅब पाठवलेत. त्यात एका कंपनीचं अभ्यासाचं ॲप आहे. गणित, इंग्रजी, विज्ञान, सगळं चित्रांसकट. जानेवारीच्या मध्यापर्यंत वापरून बघायचं. पसंत पडलं तर शाळेनं शिफारसपत्र द्यायचं. मग टॅब कायमचे आपले आणि सव्वीस जानेवारीला मोठा कार्यक्रम. पत्रावर सही माझी. सर म्हणाले, "तुमचंच नाव असू द्या मॅडम. आम्ही काय, जुनी माणसं." इतक्या मोकळ्या मनाचा मुख्याध्यापक मिळायला नशीब लागतं.

दुपारभर नोंदणी केली. प्रत्येक मुलाचं नाव, फोटो आणि पालकाचा मोबाईल नंबर लागतो. अकरा घरं अशी निघाली की कुठं फोनच नाही, कुठं असून रिचार्ज नाही. अशा वेळी आम्ही शिक्षक नेहमी जे करतो तेच केलं. त्या अकरा जणांपुढं माझा नंबर टाकला. शिष्यवृत्ती असो, लसीकरण असो, जागा रिकामी ठेवली तर फॉर्म पुढं सरकत नाही आणि फॉर्म पुढं सरकला नाही तर पोर मागं राहतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

माझा वर्ग एरवी आठवडी बाजार असतो. आज एकाचाही आवाज नाही. सगळी मान खाली घालून टॅबवर. शेजारच्या वर्गातून राजेश्वरी बाई डोकावल्या. "आजारी पडली का काय ही समदी?"

मी म्हटलं, "अभ्यास करतायत, बाई."

"अभ्यास करताना पोरं अशी दिसत न्हाईत. पोट दुखल्यावर दिसतात."

बाई तीस वर्षं इथं आहेत. नव्या गोष्टीला नाक मुरडल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. ऑफिसात मागच्या कुठल्या तरी योजनेतला कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर त्यांनी क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवली आहे. मला म्हणाल्या, "हे बंद पडल्यावर कुणाला बोलवायचं, तेवढं इचारून ठेव. मी इचारलं नव्हतं." अशानं मुलं पुढं कशी जाणार?

तास संपल्यावर आरोही आली. सातवीतली ही मुलगी दिवसातून दहा वेळा 'असं का' विचारते. "मॅडम, बरोबर आलं की ते टाळ्या वाजवतंय. चुकलं की नुसतं लाल व्हतंय. का चुकलं ते सांगतच न्हाय." मी तिला व्हिडिओ पुन्हा बघायला सांगितलं. थोडी सवय लागली की जमेल.

९ डिसेंबर, मंगळवार

आज माझ्या फोनवर एकामागून एक अकरा मेसेज आले. "प्रिय पालक, आपल्या पाल्याचा गणिताचा पाया कच्चा आहे. आत्ताच लक्ष दिले नाही, तर आठवीत तो मागे पडेल. आमच्या समुपदेशकाशी बोला." मग फोन.

"नमस्कार, महांतेशच्या मम्मी बोलताय का?"

"नाही, मी त्याची शिक्षिका."

"बरोबर आहे मॅम, मम्मीच पहिली शिक्षिका असते."

तिला समजावून फोन ठेवला, तर अर्ध्या तासानं दुसरीचा. "नमस्कार, उत्तरेश्वरच्या मम्मी बोलताय का?" अव्वा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "गायत्री, किती जणांची मम्मी झालीयस गं? लग्नाचं आमी उगंच बघत बसलोय." आम्ही दोघी हसून हसून दमलो.

चूक माझीच. नंबर माझा असल्यावर ॲपला मीच पालक वाटणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आरोही तीन दिवस शाळेत नाही. मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले. दारात शेळीला पाला घालत होती. मला बघून आत पळाली.

तिची आई नागम्मा बाहेर आली. आरोहीचे वडील अमरनाथ ट्रक चालवतात, फोन त्यांच्याजवळ असतो. म्हणजे आरोहीपुढं मी त्यांचा नंबर टाकला होता आणि तो मेसेज त्यांना नळदुर्गजवळच्या ढाब्यावर मिळाला. मागोमाग फोनही.

"त्यास्नी ती कंपनीची बाई म्हणली, पोरगी गणितात कच्ची हाय," नागम्मा म्हणाली. "त्यांचा मोठा कोर्स घ्यावा लागंल, न्हायतर आठवीत टिकायची न्हाय. मग हे म्हणले, कोर्स घ्यायचा न्हाय आन् मुरुमला धाडायचंबी न्हाय. सातवी झाली की बास. आन् बास करायचंच हाय तर आत्तापास्नं घरातलं बघू दे."

बोरगुंडीत शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मुरुम. म्हणजे एका मेसेजनं या मुलीची शाळा संपली.

त्या वेळी मला काय वाटलं ते इथं तरी खरं लिहावं. मला वाटलं, असेलही कच्ची. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नसेल. ॲप चुकलं असेल हा विचार माझ्या मनात आलाच नाही. आरोही चुकली असेल हा मात्र लगेच आला.

नागम्माला म्हटलं, सोमवारी एक दिवस पाठवा. माझ्यासाठी.

१५ डिसेंबर, सोमवार

आरोही आली. मी स्वतः पेपर काढला, भागाकार, अपूर्णांक, शाब्दिक उदाहरणं, सगळं घालून. वीसपैकी अठरा. उरलेल्या दोन गुणांत अक्षराचा वाटा मोठा.

मग शाळा सुटल्यावर बसून माझ्या अकरा 'लेकरांचे' मेसेज एकाखाली एक लावले. महांतेशला पाढे येत नाहीत, त्याचा पाया कच्चा. उत्तरेश्वर मनातल्या मनात हिशेब करतो, त्याचाही पाया कच्चा. नोंदणीच्या दुसऱ्या दिवसापासून तापानं झोपलेला आणि टॅबला हात न लावलेला एक मुलगा आहे, त्याचाही पाया कच्चाच. शब्दसुद्धा तेच.

राजेश्वरी बाई पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. त्यांना दाखवलं. वाटलं, म्हणतील, मी सांगत होते की नाही. तसं म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

"समदं बरोबर सोडवणाऱ्याला काय म्हणतंय ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. डी.एड.ला पाठ घेण्याआधी आम्हांला फळासुद्धा पुसून बघायला लावायचे आणि इथं मी चोवीस मुलांच्या हातात वस्तू दिली ती नुसती चकचकीत आहे म्हणून.

मग आम्ही नवा विद्यार्थी भरला. राजेश्वरी, इयत्ता सातवी. पालकाचा नंबर माझा. फोटो बाईंचाच, केसांतल्या पांढऱ्या बटांसकट. ॲपनं तो मुकाट घेतला आणि म्हणालं, "शाब्बास, छोट्या मैत्रिणी!" टॅब बाई घरी घेऊन गेल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

बाईंना टॅबचा नाद लागला. मधल्या सुट्टीत डबा तसाच, बाई अपूर्णांक सोडवतायत. टाळ्या वाजल्या की इकडंतिकडं बघून गालात हसतात. आत्तापर्यंत सगळी उत्तरं बरोबर. मी म्हटलं, "बाई, आवडलं म्हणायचं." तर म्हणाल्या, "यंत्र वाईट न्हाय गं. चित्रं झ्याक हायत. यंत्राच्या मागं कोण बसलंय, ते बघायचंय."

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आज वेळ अमावस्या, रानात जाऊन पिकाची पूजा करायचा सण. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळी शेतात. बाईंनी मला त्यांच्या रानात बोलावलं होतं. ज्वारी खांद्याला आलेली, मधे कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा झाल्यावर घोंगडी अंथरून पंगत बसली. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील. बांधावरून जाईल त्याला हाक मारायची आणि हाक मारलेल्यानं चार घास खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, अशी इथली रीत. त्यामुळं एका पंगतीला बसलेले वीस जण उठेपर्यंत तीस झाले. त्यात आरोही, नागम्मा आणि अमरनाथही होते. एरवी महिनामहिना रस्त्यावर असणारा माणूस येळवसला गाडी उभी करून येतोच.

आणि माझा फोन वाजला. सणाच्या दिवशी.

"नमस्कार, राजेश्वरीच्या मम्मी बोलताय का?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि घोंगडीवर मधोमध ठेवला. बाईंनी उंडा खाली ठेवला.

"मॅम, राजेश्वरीचा रिपोर्ट आलाय. तिचा गणिताचा पाया कच्चा आहे."

"कुणाचा?" बाई म्हणाल्या.

"राजेश्वरीचा. सातवीतल्या."

"सगळी उत्तरं बरोबर आली आहेत की तिची," मी म्हटलं.

पलीकडून त्याच गोड आवाजात, "हो मॅम, पण तिचा आत्मविश्वास कमी आहे. ती पाठांतर करते. आत्ताच लक्ष दिलं नाही, तर आठवीत ती मागे पडेल."

"आगं बाई," राजेश्वरी बाई फोनवर वाकून म्हणाल्या, "पुढच्या साली मी रिटायर व्हनार हाय. आठवीत मी कुठं जाऊ? तीस वर्षं गणित शिकवतीय मी! ह्या शिवारातल्या निम्म्या लोकांचा पाया मी घातलाय आन् माझा कच्चा?"

पंगतीत हशा उसळला. एका म्हाताऱ्याला आंबिलीचा ठसका लागला. "बाई, तरी मला वाटायचंच, माझा भागाकार का येत न्हाय!" कुणीतरी ओरडलं. बाईंचे मालक म्हणाले, "आत्मविश्वास कमी? इचार म्हणावं मला." फोन कधी बंद झाला ते कळलंच नाही.

अमरनाथ मात्र हसले नाहीत. हातातला आंबिलीचा तांब्या तसाच. "हेच," ते म्हणाले. "ह्याच शब्दांत. आत्ताच लक्ष दिलं न्हाय तर."

मला वाटलं, झालं काम. मी म्हटलं, "बघितलंत ना दादा? आरोहीला उद्यापासून पाठवा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "ती बाई खोटी निघाली म्हणून माझी पोरगी हुशार हाय, असं व्हत न्हाय मॅडम. आन् माझा नंबर त्यास्नी कुणी दिला?"

"मी."

"मग आत्ता तुमचं तरी कसं ऐकू?"

सातवीची परीक्षा होईपर्यंत पाठवतो, पुढचं पुढं, असं म्हणून ते उठले. आरोही ज्वारीच्या काकरीत उभी राहून सगळं ऐकत होती.

२२ डिसेंबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, पत्र गोड लिहा. शेवटी दोन सूचना टाका, 'संदेशांची भाषा सुधारावी' वगैरे. भाऊसाहेबांना वाईट वाटायला नको."

मी म्हटलं, "सर, भाषेचा प्रश्न नाही. मुलांची नावं दाखवून घराघरात भीती विकतायत."

"तुमचा सेवक कालावधी जूनला संपतो ना? अहवाल मलाच लिहायचाय. म्हणून सांगतो." माझी काळजी वाटत असेल त्यांना. पण हे ऐकून बरं काही वाटलं नाही.

घरी येऊन कंपनीला लिहिलं. मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर कुठं ठेवता, ते कोण बघतं? आम्ही थांबलो तर पुसून टाकाल का, तसं लिहून द्याल का? पाया कच्चा आहे हे कशावरून ठरवता? पालकांचे नंबर न देता टॅब वापरता येतील का?

उत्तर सव्वा मिनिटात आलं. फुग्यांचं चित्र आणि "अभिनंदन! आपण स्मार्ट शिक्षक आहात."

१ जानेवारी, गुरुवार

दिग्विजय भाऊसाहेब स्वतः आले. पांढरी गाडी, मुलांना पेढे. माणूस बोलायला चांगला. मला 'ताई' म्हणाले.

"ताई, मी ह्याच शाळेच्या फरशीवर बसून शिकलो. तालुक्यात पहिलं टॅबचं गाव आपलं व्हावं, एवढीच इच्छा. तुम्ही काय किरकोळ मेसेजवर अडून बसलाय?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, टॅब ठेवा, ॲपही ठेवा. फक्त मुलांची नावं आणि पालकांचे नंबर काढून टाका. मी आजच सही करते."

"तसं नाही होत."

"का?"

ते हसले. "कंपनी फुकट का देते मग?" बोलून गेल्यावर त्यांनाच ते नको वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले, "म्हणजे, त्यांनाही आकडे लागतात. तुमच्या एका पत्रावर आणखी पन्नास शाळा थांबल्यात ताई. सगळीकडं तुमचं नाव जाईल."

जाताना कार्ड दिलं. त्यावर कंपनीचंच चिन्ह आणि 'विभागीय वितरक' असं छापलेलं. मी सरांना विचारलं, तुम्हांला माहीत होतं का? सर म्हणाले, "कार्ड काय, कुणीही छापतं."

पन्नास शाळा. म्हणजे पन्नास येळवशी करायला पन्नास राजेश्वरी बाई कुठून आणायच्या?

११ जानेवारी, रविवार

घरात भांडण. अव्वाला कुठूनतरी कळलं. "आधी कायम हो, मग काय ती लढाई कर. सही म्हंजे काय, हात झडतोय का?" मी म्हटलं, "झडत नाही, म्हणूनच तर सगळे करतात." अव्वा रडली. शिकायला पाठवलं ते उलट बोलायला का, म्हणाली. मी म्हटलं, "हो. त्यासाठीच." नंतर वाईट वाटलं. तिच्या बांगड्या विकून माझी डी.एड.ची फी भरली होती, हे ती कधी बोलून दाखवत नाही. ती बोलली असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

अप्पा हातपाय धुऊन आले. मग म्हणाले, "तू ठरवायचं म्हणलीवतीस ना?"

"हो."

"मग नको म्हणता येत नसंल, तर त्ये ठरवणं कसलं?" आणि जेवायला बसले.

आज पहिल्यांदा भीती वाटली. नोकरी गेली तर काय, याचा विचार दिवसभर केला. उत्तर सापडलं नाही. सही करायची नाही, एवढंच सापडलं.

१७ जानेवारी, शनिवार

शाळा व्यवस्थापन समितीची सभा. पालक, सरपंच, सर, आम्ही दोघी आणि पाहुणे म्हणून भाऊसाहेब. अमरनाथ समितीत आहेत, पण ते हैदराबादच्या वाटेवर. त्यांच्या जागी नागम्मा आली होती, कोपऱ्यात पदर सावरून.

मी जे घडलं ते सगळं सांगितलं, अकरा मेसेज वाचून दाखवले. कंपनीला विचारलेले प्रश्न वाचले आणि फुग्यांचं चित्रही दाखवलं. येळवसची गोष्ट निघाल्यावर लोक परत हसले. पण हसणं वेगळं आणि टॅब सोडणं वेगळं. एक पालक म्हणाले, "मेसेज काय, वाचायचे न्हाईत. वस्तू तर मिळतीय." दुसरे म्हणाले, "मॅडम तरण्या हायत, तापट हायत." बऱ्याच माना हलल्या. मी एकटी पडतेय हे दिसत होतं. बाई म्हणाल्या, "तापट तर मीबी हाय, म्हातारी असून," पण त्यांचंही कुणी मनावर घेतलं नाही.

मग नागम्मा बोलली. ती सभेत बोलते हेच कुणाला माहीत नव्हतं. "भाऊसाहेब, तुमच्या पोराचं नाव हाय का ह्यात?"

"तो पुण्यात शिकतो वैनी."

"तितं हाय का हे?"

भाऊसाहेबांनी रुमाल काढला. "तिथल्या शाळेत... आठवीपर्यंत स्क्रीन देत नाहीत. त्यांचे नियम वेगळे."

"आस्सं," नागम्मा म्हणाली आणि खाली बसली.

सर घसा खाकरून म्हणाले, "विषय ताणायला नको. मॅडम, सही करा, बाकीचं आपण पुढं बघू." पत्र माझ्यापुढं सरकवलं.

मी ते परत सरकवलं. "सर, मी करणार नाही. हवं तर 'शिफारस करता येत नाही, कारणे सोबत जोडली आहेत' असं पत्र मी लिहून आणलंय, त्यावर करते."

सरपंच म्हणाले, "मग तुमी करा की सर. मुख्याध्यापक तुमी. तुमची चालंल."

सरांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. पत्र पहिल्यापासून वाचायला लागले, जणू आजच हातात आलंय. '...पूर्ण पडताळणी करून, संपूर्ण जबाबदारीने...' इथं येऊन ते थांबले. सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते. मीही बघत होते आणि दोन डिसेंबरचं ते मोकळं मन मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं. सरांनी टोपण लावलं. "वरिष्ठांचं मार्गदर्शन घेऊ," म्हणाले.

भाऊसाहेब उठले. "ज्यांना किंमत नाही त्यांना देण्यात अर्थ नाही." हात जोडले आणि गेले.

मी माझ्या पत्रावर सही केली. बाईंनी न विचारता खाली त्यांची केली.

२० जानेवारी, मंगळवार

टॅब गेले. खोकी गाडीत चढवताना मुलं खिडकीला लटकलेली. महांतेश रडला आणि माझ्याकडं पाठ फिरवून बसला. "तुमच्यामुळं गेलं," म्हणाला. मी म्हटलं, "हो, माझ्यामुळं गेलं. का ते सांगू?" त्याला ऐकायचं नव्हतं. कोणालाच नव्हतं. टॅब पुसून चार्जिंगला लावताना मुलं किती जपून धरायची, हे मला आठवत राहिलं. ज्यांनी हे दाखवून काढून घेतलं त्यांचा राग आला आणि त्यांत मीही आहे.

दुपारी तालुक्याहून पत्र. 'लोकसहभागातील उपक्रमास खीळ घातल्याबाबत लेखी खुलासा सादर करावा.' सरांनी ते दोन बोटांत धरून दिलं.

खुलासा लिहिला. माफी कुठंही मागितली नाही. शेवटी उलट मागणी केली: शाळेला टॅब द्यावेत. ज्यात मुलाचं नाव लागत नाही, घरचा नंबर लागत नाही, चूक झाली तर ती का झाली ते सांगतात आणि बंद पडल्यावर कुणाला बोलवायचं ते लिहून देतात, असे. मी यंत्राच्या विरोधात नाही. मला विचारू द्या, एवढंच. कंपनीला सगळी नावं पुसण्याबद्दल रजिस्टर्ड पत्रही टाकलं. पुसतील की नाही, माहीत नाही. पुसेपर्यंत दर आठवड्याला टाकीन.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला अमरनाथ दारात. ट्रक फाट्यावर उभा, डोळे जागरणानं लाल. "आत येऊ का? बगायचंय मला." आणि मुलांच्या मागं फरशीवर मांडी घालून बसले.

"कुणाचंच ऐकायचं न्हाय मला," म्हणाले. "ना फोनवरच्या बाईचं, ना तुमचं. मीच इचारतो. आरोही, सोलापूर-हैदराबाद तीनशे धा किलोमीटर. गाडी लिटरला चार देती. टाकीत साठ लिटर हाय. किती भरू?"

आरोही फळ्यापाशी गेली. तीनशे दहा भागिले चार. भाग गेला सत्त्याहत्तर वेळा, बाकी उरली दोन. तिनं लिहिलं, सत्त्याहत्तर पूर्णांक दोन दशांश. त्यातून साठ वजा केले. सतरा पूर्णांक दोन.

चूक. अमरनाथ फळ्याकडं बघतच नव्हते, ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी दात आवळून खिडकीबाहेर पाहिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"थांबा अप्पा." तिनं खडू दातांत धरला. "दोन उरले. दोन किलोमीटरला... लिटरमधी चार जातात. मग दोन म्हंजे अर्धा की! पूर्णांक दोन कसं?" तिनं हातानंच पुसलं. सतरा पूर्णांक पाच. "साडेसतरा भरा. आन् अप्पा, वाटेत गाडी थांबून नुसती चालू असती, त्याचं यात धरलं न्हाय. वीस भरा."

मुलांनी बाकं बडवली. महांतेशनंसुद्धा.

"आधी चुकली की," अमरनाथ म्हणाले.

"चुकली," मी म्हटलं. "मी शब्द बोलले नाही. कुठं चुकली ते तिचं तिनं शोधलं. दादा, मला तिच्याबद्दल एवढंच सांगता येतं."

ते उठले, पँट झटकली. दारापर्यंत जाऊन थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मुरुमची सकाळची एसटी कितीला असती?"

मी तोंड उघडायच्या आत फळ्यापासून आवाज आला.

"पावणेसातला, अप्पा. कंडक्टरला इचारून ठेवलंय मी. पासबी मिळतोय."